हिरवा वर्ग

सलग अकरा दिवस दहावी ‘ब’मध्ये कुणी एक प्रश्न विचारला नाही, तेव्हा सारिका बोराटेच्या मनात पाल चुकचुकली.

एकोणीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई ती. भिंगाचा धडा सुरू झाला की वर्गात कालवा व्हायचा, आभासी आणि वास्तव प्रतिमेत निम्मी पोरं घोळ घालायची, आणि मागच्या बाकावरून ‘बाई, हे परीक्षेला आहे का’ हे ठरलेलं असायचं. यंदा काहीच नाही. बेचाळीस मुलं ताठ बसून फळ्याकडं बघत होती आणि त्यातल्या एक्केचाळीस कपाळांवर हिरवा दिवा होता. भिंतीवरच्या पडद्यावर वर्गाची उमज दिसत होती: सत्त्याण्णव. इतकं छान मी शिकवत नाही, सारिकाच्या मनात आलं. स्वतःला ती पुरती ओळखून होती.

ही दिव्यांची भानगड आधी सांगितली पाहिजे. आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो. पुढं काय दिसेल, समोरचा काय बोलेल, सगळ्याचा. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, की पोटात गोळा येतो ना? अंदाज चुकला की मेंदूतही तसाच धक्का बसतो आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात त्याची एक बारीक विजेची लहर कपाळाच्या कातडीपर्यंत येते. कपाळाला बांधलेली उमजपट्टी ती लहर पकडते. लहर आली की दिवा लाल. ज्यांनी पट्टी शोधली त्यांचं म्हणणं साधं होतं: मूल जिथं चकलं तिथंच त्याचं शिकणं सुरू होतं, तेव्हा लाल दिवा दिसला की बाईंनी थांबावं आणि त्याच्यापाशी जावं.

पहिली दोन वर्षं सारिकानं तेच केलं, आणि पट्टी म्हणजे देणगी वाटली तिला. मग कुठल्याशा समितीला साक्षात्कार झाला, की ज्याच्या डोक्यात लहरी कमी त्याला जास्त उमजलेलं असणार. पेपर फुटायची भीती नाही, तपासणीची कटकट नाही, वर्षभराचा आकडा आपोआप तयार. दहावीच्या शंभरातले चाळीस गुण उमजेचे झाले, आणि मार्चआधीच्या शेवटच्या पंधरवड्याला दुप्पट वजन. मुलं नुसती झोपा काढतील म्हणून त्याचीही सोय केली होती. मन भटकलं, मेंदू सुस्तावला की दिवा पिवळा, त्याचेही गुण कापायचे. थोडक्यात, हिरवं राहायचं तर मेंदू जागा हवा आणि त्याला धक्का मात्र बसायला नको. हे कुणाला विचित्र वाटलं असेल तर त्यानं तसं मोठ्यानं म्हटलं नाही.

तास संपल्यावर सारिका मुख्याध्यापक रणवऱ्यांकडं गेली.

“सर, ‘ब’मध्ये काहीतरी गडबड आहे. पट्ट्यांशी खेळतायत का बघायला हवं.”

“कंपनीचा माणूस मागच्याच आठवड्यात येऊन गेला. पट्ट्या ठणठणीत आहेत.” रणवऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला. अडचणीचं काही निघालं की त्यांचा चष्मा हमखास मळायचा. “मुलं हुशार निघाली याचं वाईट वाटतंय का बाई तुम्हाला?”

“हुशार मुलं गप्प बसत नाहीत सर.”

“तुमच्या अन्वीची उमज किती?”

“अठ्ठ्याण्णव.”

“पुण्याच्या विज्ञान निवासी विद्यालयाला किती लागते?”

“पंच्याण्णव.”

“मग,” सर म्हणाले आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसू लागले.

सारिका गुमान बाहेर आली. अन्वी तिची एकुलती एक लेक, त्याच ‘ब’ वर्गात, दुसऱ्या बाकावर. शाळेत आईला ‘बाई’ म्हणायचं हा घरचा नियम पोरीनं पाचवीपासून एकदाही मोडला नव्हता. पुण्याच्या त्या विद्यालयाचं पत्रक तिच्या पलंगाशेजारी चिकटवलेलं होतं, आणि त्याखाली कॅलेंडर. तिचे बाबा अविनाश मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर होते. मे महिन्यात ते कायमचे परत येणार होते, आणि अन्वी रोज रात्री एकेक तारीख काट मारून खोडत होती.

दुसऱ्या दिवशी सारिकानं सापळा लावला. फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: माणसाच्या प्रत्येक डोळ्यात दोन भिंगे असतात, एक दिवसासाठी व एक रात्रीसाठी. तेच तिनं गंभीर चेहऱ्यानं वाचूनही दाखवलं. मग वळून पडद्याकडं बघितलं.

सत्त्याण्णव.

ज्याला विषय कळला ते मूल हसलं असतं, दचकलं असतं, तक्रार तरी केली असती. ज्याला कळला नाही तेही गोंधळलं असतं. दोन्हीकडून दिवे लाल व्हायला हवे होते. इथं एक्केचाळीस मुलं खाली माना घालून डोळ्यातली दोन भिंगं वहीत उतरवून घेत होती. अन्वीनं तर त्याखाली फूटपट्टीनं रेघही मारली.

हात एकच वर आला. नाझनीन अत्तारचा. तिचा दिवा नेहमीसारखा लालभडक होता. या पोरीची उमज वर्षभर चाळिशीच्या वर गेली नव्हती, आणि तिच्या लालीची लागण होईल अशा भीतीनं इतर मुली तिच्यापासून बाक सोडून बसत.

“बाई, मग रात्रीचं भिंग दिवसा कुठं असतं?”

कुणी हसलंसुद्धा नाही. सारिकानं वर्गभर नजर फिरवली आणि आता तिला ते दिसलं. ओठ. अगदी बारीक, पण हलत होते. तिसऱ्या बाकावर पेन्सिल बाकावर आपटत होती, शेजारी बोट मांडीवर पडत होतं, पलीकडं बुटाचा चवडा. तिनं मोजलं. दहा ठोके, मग श्वासाएवढी उसंत, मग पुन्हा दहा. सगळ्या वर्गाचं तेच.

मधल्या सुट्टीत तिनं नाझनीनला प्रयोगशाळेत बोलावलं.

“काय चाललंय वर्गात? तुला माहीत आहे.”

नाझनीन ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. “बाई, आधीच कुणी बोलत नाही माझ्याशी.”

“तुझं नाव येणार नाही.”

“मला तो येतच नाही, म्हणून माझं लाल.” ती खाली बघून म्हणाली. “मी चौथीपर्यंत उर्दू शाळेत होते. आम्हाला सोळापर्यंतच होतं.”

“तो म्हणजे काय?”

पोरगी दाराकडं बघू लागली. सारिकानं नाद सोडला. जाता जाता नाझनीन दारात घुटमळली आणि वेगळंच काहीतरी म्हणाली. “बाई, दादाजींच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात एक मोठं भिंग आहे. ते धरलं की भिंतीवर समोरच्या रस्त्याचं उलटं चित्र पडतं. भिंगाचा अर्धा भाग फुटला, तिथं दादाजींनी काळी चिकटपट्टी लावली. तरी चित्र अख्खंच पडतं. असं कसं?”

“शक्य नाही,” सारिका म्हणाली. “अर्धं भिंग झाकलं तर प्रतिमा अर्धीच मिळणार. तुझ्या बघण्यात चूक झाली असेल.”

“असेल,” नाझनीन म्हणाली, पण चेहरा काही पटल्यासारखा नव्हता.

त्या संध्याकाळी अविनाशचा फोन आला. करार दोन वर्षांनी वाढवलाय, सोडून येता येणार नाही, अन्वीला तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही. सारिकानं त्याच्यावर तोंड टाकलं आणि मग रडली. जेवणं झाल्यावर लेकीच्या खोलीत गेली. अन्वी पट्टी काढून अभ्यासाला बसली होती.

“अनू, इकडं बघ. बाबा मे महिन्यात येत नाहीयेत. अजून दोन वर्षं.”

अन्वीनं मान वर केली. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. “बरं,” ती म्हणाली.

“बरं काय? ऐकलंस का तू?”

“हो आई. ऐकलं.”

तिचे ओठ हलत होते. सारिकानं श्वास रोखून कान दिला, आणि कुजबुजीतून एक शब्द सुटून तिच्यापर्यंत आला. सत्त्याऐंशी.

एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. पाढ्यांतला सगळ्यांत आडमुठा पाढा, जो पाठ करताना महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी कान पिळून घेतले असतील देव जाणे. नाझनीनचा ‘तो’ म्हणजे हा. दहा ठोके आणि उसंत. सारिका पलंगावर बसली.

“कधीपासून?”

अन्वीनं आढेवेढे घेतले नाहीत. उलट थोडी ऐटच होती तिच्या सांगण्यात. “आठवीच्या शेवटापासून. आधी मी बेचा म्हणून बघितला, पण तो फार सोपा पडतो, मन भटकतं, दिवा पिवळा होतो. सदतीसचा म्हटला तर अडखळायला होतं, मग लाल. एकोणतीसचा बरोब्बर मधला. म्हणायला लक्ष लागतं पण चुकत नाही. तो मनात चालू असला ना आई, की बाहेरचं काही आतच येत नाही. पट्टीला वाटतं आपण लक्ष देतोय. मग यंदा मी मैत्रिणींना सांगितलं, दुप्पट वजन जवळ आलं तशी त्यांनी मुलांना सांगितलं.”

“आणि शिकता कधी?”

“घरी येऊन उत्तरं पाठ करतो की. लेखीला साठच गुण आहेत.”

“हे तुला सुचलं कुठून?”

अन्वीला या प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं असावं. “तूच नाही का शिकवलंस? हनुवटीला टाके घातले तेव्हा.”

सारिकाला आठवलं. अन्वी सात वर्षांची, सायकलवरून पडलेली, दवाखान्यात किंचाळणारी. तेव्हा तिनं पोरीचा हात धरून म्हटलं होतं, डोळे मीट आणि माझ्याबरोबर एकोणतीसचा म्हण, दुखणारच नाही. पाच टाके पडले आणि पोरीनं हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांनी कौतुक केलं होतं. सारिकानं ते कौतुक पुढं कितीतरी दिवस नातेवाइकांत मिरवलं होतं.

“बास झालं आता,” ती म्हणाली. “आजपासून बंद.”

“पंधरवडाच राहिलाय. दुप्पट वजन आहे. मार्चनंतर बंद करीन.”

“आत्ता बंद कर. बाबा येणार नाहीत म्हटलं मी, तेव्हा कशाला म्हणत होतीस? तेव्हा कुठं पट्टी होती डोक्याला?”

अन्वीनं वही मिटली. ऐट उतरली होती.

“मी म्हणत नाही गं आई,” ती हळूच म्हणाली. “आपोआप सुरू होतं. काही नवीन आलं, नकोसं आलं, की लागतंच ते. थांबवायला जाते तर जास्त जोरात होतं.”

सारिकानं तिला जवळ घेतलं. पोरीचं अंग सैल होतं, डोळे कोरडे होते, आणि खांद्यापाशी ओठांची हालचाल चालूच होती. सारिकाला त्या रात्री पहिल्यांदा गुणांची, पुण्याची, कशाकशाची काळजी वाटली नाही. आपल्याच घरात बसलेल्या लेकीला आपलं बोलणं ऐकूच येईनासं झालंय, एवढीच एक भीती तिच्या छातीत बसली.

समितीला पत्र लिहावं का? लिहिलं तर एक्केचाळीस पोरांची उमज रद्द होणार, चौकशी लागणार, आणि अन्वीचं नाव सगळ्यांत वर. शिवाय पत्रानं पाढा थांबणार होता थोडाच. समितीनं पाढा पकडणारी नवी पट्टी काढली असती आणि पोरांनी नवं काही शोधलं असतं. सारिका दोन दिवस विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं प्रयोगशाळेतून भिंग, मेणबत्ती, पांढरा पुठ्ठा घेतला आणि खिडक्या बंद करायला सांगितल्या. नाझनीनचं म्हणणं तिनं मुद्दाम घरी करून बघितलं नव्हतं. कपाटातली एक जादा पट्टी काढून तिनं स्वतःच्या कपाळाला बांधली, तेव्हा पुढच्या बाकांवर किंचित चुळबुळ झाली. मोठ्या माणसाच्या कपाळावर कुणी पट्टी बघितली नव्हती. तिचा दिवा हिरवा लागला.

“हे बघा,” ती म्हणाली, “भिंगातून ज्योतीची उलटी प्रतिमा पुठ्ठ्यावर पडलीय. आता मी अर्धं भिंग झाकणार. प्रतिमेचं काय होईल? एकेकानं उठून मोठ्यानं सांगायचं. वहीत बघायचं नाही.”

तोंडानं एक बोलताना मनात दुसरं घोकता येत नाही. पहिला मुलगा उठला, ओठ थांबले, आणि दिवा भसकन लाल झाला. तो घाबरून खाली बसणार होता.

“उभा राहा. लाल झाला तर होऊ दे. अंदाज सांग.”

“अर्धी दिसेल, बाई.”

“पुढं.”

अर्धी, अर्धी, वरची अर्धी, खालची अर्धी. पडद्यावरचा आकडा नव्वदच्या खाली आला. कुणीतरी घाबऱ्या आवाजात म्हणालं, “बाई, दुप्पट वजन आहे.” सारिकानं ऐकलं आणि पुढच्या मुलीला उठवलं. नाझनीनचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, “अख्खी दिसेल.” आता मात्र हसले सगळे. अकरा नव्हे, चौदा दिवसांत वर्ग पहिल्यांदा हसला होता.

“माझाही अंदाज अर्धीचाच,” सारिका म्हणाली. “एकोणीस वर्षं हे शिकवतेय. अन्वी, ये. हा वहीचा पुठ्ठा भिंगापुढं धर. वरचा अर्धा भाग झाक.”

अन्वी आली. तिचे ओठ हलत होते. तिनं पुठ्ठा धरला.

ज्योत अख्खी होती. थोडी मंद झाली होती, एवढंच. शेंड्यापासून वातीपर्यंत, उलटी, सगळीच्या सगळी.

सारिकाच्या पोटात गोळा आला, तोच तो, नसलेल्या पायरीचा. दोन किरण काढायचे आणि आकृती संपवायची, एवढंच तिनं आयुष्यभर केलं होतं. तिलाही कधीकाळी कुणी शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिले होते आणि पुढं तिनं विचारायचं सोडून दिलं होतं. तिच्या कपाळावरचा दिवा लाल झाला आणि अंधाऱ्या वर्गात तो सगळ्यांना दिसला.

“मी चुकले,” ती म्हणाली, आणि तिला हसूच आलं. “साफ चुकले. नाझनीन, तुझंच खरं.”

नाझनीनचा दिवा वर्षात पहिल्यांदा हिरवा होता. भिंगाच्या या कोड्यात तिला धक्का बसायचं काही कारणच उरलं नव्हतं.

अन्वीनं पुठ्ठा काढला. पुन्हा धरला. आडवा धरून बघितला, मग खालचा भाग झाकला. तिचे ओठ थांबले होते, पण तिचं तिला ते कळलं नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, सगळ्या वर्गासमोर, “पण कसं?”

तिच्या कपाळावर लाल दिवा लागला. मग बाकं सरकली, पोरं मेणबत्तीभोवती गोळा झाली, एकमेकांच्या हातातून पुठ्ठा ओढायला लागली. पाऊण भाग झाका, एक बोटभर फट ठेवा, दोन पुठ्ठे लावा. भिंगाच्या प्रत्येक तुकड्यातून ज्योतीच्या प्रत्येक टोकाचा प्रकाश जातो, हे कुणीतरी बरळल्यासारखं म्हणालं आणि दुसऱ्यानं त्याला खोडून काढलं. सारिकानं कुणालाच बरोबर म्हटलं नाही. आकडा त्रेपन्नावर आला होता. दाराच्या काचेपलीकडं रणवरे सर उभे होते आणि त्यांचा चष्मा हातात होता.

शाळा सुटल्यावर दोघी स्कूटरवरून निघाल्या. सारिकाच्या पिशवीत फोन वाजत होता. तो सरांचा असणार हे दोघींना माहीत होतं. अन्वी मागं बसून बराच वेळ गप्प होती, आणि सारिकाच्या मनात पुन्हा संशय उभा राहिला. आरशात बघायची तिला हिंमत होईना.

“माझे त्र्याण्णव झाले,” अन्वी शेवटी म्हणाली.

“हो.”

“पुणं गेलं मग.”

“बहुतेक.”

स्कूटर कालव्याच्या पुलावर आली. मागून सारिकाची ओढणी घट्ट धरली गेली.

“आई, त्या रात्री तू काय म्हणाली होतीस? बाबा येणार नाहीत? दोन वर्षं?”

सारिकानं स्कूटर कडेला घेतली. मागं वळून बघितलं तर पोरीची हनुवटी थरथरत होती, पाच टाक्यांच्या जुन्या व्रणासकट, आणि तोंड उघडं पडलं होतं. त्या तोंडात कुठलाही पाढा नव्हता. अन्वी रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, भोकाड पसरून रडायला लागली.

“होय गं बाळा,” सारिका म्हणाली. “दोन वर्षं.” आणि या वेळी तिनं पोरीला डोळे मिटायला सांगितलं नाही.